बाही सोडून सगळं येतं

३ मार्च, सोमवार

राजीनामा दिला. एकदाचा.

बावीस वर्षं कारखान्यात काढली. दोन हजार माणसं, सात लाइनी, शर्टच शर्ट. मी कॉलर लाइनला. कॉलर शिवायची आणि पुढे सरकवायची. ती शर्टाला लावणारी बाई वेगळी, बाहीची लाइन वेगळी, काज-बटणाची आणखी वेगळी. अख्खा शर्ट मी पाहिला तो लोकांच्या अंगावर.

सुपरवायझर म्हणाला, बाई, नीट विचार करा, सोडून गेलेल्याला इथे परत घेत नाहीत, तसा नियमच आहे. मी म्हटलं, परत यायला मी काय छत्री विसरून चाललेय? उत्तर नसलं की तो पेन शोधतो. शोधत होता.

नवी कंपनी म्हणजे स्टार्टअप. दोन माणसं आणि मी. काल दोन हजारांत एक होते, आता तिघांत एक. यात विचार करण्यासारखं काय आहे?

इंटरव्ह्यूला त्यांनी विचारलं, अख्खा शर्ट येतो ना? मी म्हटलं, बावीस वर्षं शर्टातच आहे. यात खोटं एक अक्षर नाही. कुठला भाग, हे त्यांनी विचारायला हवं होतं. शिकलेली माणसं आहेत.

संध्याकाळी

हे लिफ्ट दुरुस्तीला जातात. बोलतात कमी, पण बोलतात तेव्हा नेमकं नको ते. म्हणाले, तू बाही कधी लावली आहेस का? मी म्हटलं, बाही म्हणजे काय? कापडाचा पाइप. दोन्ही बाजूंनी उघडा. त्यात शिकायचं काय? म्हणाले, मग पाइप भिंतीला जोडतात तिथे गळतं का?

रविवारी बाही शिकून टाकायची. अर्ध्या तासाचं काम.

९ मार्च, रविवार

सकाळी डोकं दुखत होतं. दुपारी थांबलं, म्हणून झोपले. संध्याकाळी बसले तर कात्रीला धार नाही. बोथट कात्रीने शिकलं की हाताला वाईट सवय लागते. त्यापेक्षा न शिकलेलं बरं.

कामावरच शिकेन. सगळे तसेच शिकतात.

१० मार्च, सोमवार

पहिला दिवस. ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक मशीन, एक मोठं टेबल, एक पांढरा फळा आणि बसायला एक मोठी पिशवी. खुर्ची नाही, पिशवी. बसले. उठता येईना. दोघांनी एकेक हात धरून बाहेर काढली. कंपनीतलं पहिलं टीमवर्क.

मालक दोघंही तिशीतले. एक चष्मा आणि एक शेपटी. म्हणजे त्याला चष्मा आहे आणि ती केस वर बांधते. दोघंही माझ्यासारखेच मोठ्या कंपन्या सोडून आलेले. आल्या आल्या काकू म्हणायला लागले. सांगून टाकलं, काकू घरी. इथे मास्टर.

धंदा असा: गिऱ्हाइकाने फोनसमोर उभं राहायचं, ॲप त्याचा फोटो काढून मापं सांगणार, मी त्या मापाचा शर्ट शिवणार. टेप लावायची गरज नाही. चष्म्याने मला उभं करून दाखवलं. फोटो काढला आणि शेपटी फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. ॲपला विचार करायला वेळ लागतो म्हणे. दहा मिनिटांनी मापं घेऊन आली. कंबर दोन इंच कमी सांगितली. चांगलं ॲप आहे.

११ मार्च, मंगळवार

रोज सकाळी मीटिंग. उभ्याने. का, तर लवकर संपते. प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार आणि काय आडवं येतंय ते सांगायचं. पाऊण तास चालली. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, ही मीटिंग आडवी येतेय. चष्म्याने फळ्यावर लिहून घेतलं.

१३ मार्च, गुरुवार

चष्मा म्हणाला, आपल्याला स्पीड हवा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा कॉलरी काढून टेबलावर ठेवल्या. टोकं सुईसारखी, दोन्हीकडे सारखी, एक धागा बाहेर नाही. चष्मा बघतच राहिला. मग म्हणाला, मास्टर, ऑर्डर एकाच शर्टाची आहे ना? मी म्हटलं, बाकीचे शर्ट येतील मागून. तयारी नको?

ही दूरदृष्टी कारखान्यात कोणाला कळली नसती.

१७ मार्च, सोमवार

पुढा झाला, पाठ झाली, कॉलर तर काय, झालेलीच होती. दोन्ही बाह्याही लावून टाकल्या. कोपऱ्यातल्या पुतळ्याला घातला. एक हात ठीक होता. दुसरा असा मागे वळलेला, की पुतळा पाठ खाजवतोय.

बघितलं तर दोन्ही बाह्या डाव्या. उलट यातून एक कळलं, डावी बाही मला येते.

शेपटीने विचारलं, असंच असतं का? मी म्हटलं, पुतळा वाकडा आहे. लगेच तिने नवा पुतळा शोधायला घेतला. कामसू मुलगी आहे, पण भोळी.

१९ मार्च, बुधवार

उजवी पाच वेळा लावली. मुंढा, म्हणजे अंगाचं ते भोक जिथे बाही बसते, तो लहान आणि बाहीचा घेर मोठा. गणितच जुळत नाही. माझ्या मते शर्टाची रचनाच चुकीची आहे. आजवर कोणी बोललं नाही इतकंच.

कापड घरी घेऊन आले. यांना सांगितलं, होमवर्क. आता याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वन्संकडे उद्या सहज जाऊन यावं म्हणते. तब्येत बघायला.

२० मार्च, गुरुवार

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. पुढच्या खोलीत मशीन टाकलंय. फ्रॉक, पडदे, अभ्रे, शर्ट, जे येईल ते अख्खं शिवतात. मी कारखान्यात होते तेव्हा येता-जाता विचारायच्या, वहिनी, अजून गळ्यापर्यंतच का? बावीस वर्षं हेच.

म्हटलं, वन्सं, तुमचं मशीन कसं चालतं ते बघू या, आमच्याकडे नवीन घ्यायचंय. त्यांनी पिशवीतून माझा शर्ट ओढून काढला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. काही न बोलता बाही उसवली आणि बसवली. गुडघ्याचं दुखणं सांगत सांगत बसवली. दुसरी बसवताना शेजारणीचं सांगितलं. शेजारणीचं संपायच्या आत शर्ट तयार.

म्हणाल्या, वहिनी, या बसा, दाखवते, आठ दिवसांत येईल. मी म्हटलं, येतं हो मला, तुमच्या हाताचा स्पीड बघायला आले होते. म्हणाल्या, बघितलात ना? मग पुढचा कधी आणताय?

बोलणं नेहमी असं.

२४ मार्च, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक खूश! फोटो पाठवला, हात वर करून. दोन्ही हात. शेपटी टाळ्या वाजवत नाचली. चष्मा म्हणाला, मास्टर, तुम्ही नसता तर काय झालं असतं? मी म्हटलं, विचार करू नका, त्रास होईल.

२८ मार्च, शुक्रवार

चार शर्ट गेले. पद्धत बसली आहे. कॉलर ऑफिसात, बाकी वन्संकडे. शेपटीकडून शब्द शिकले, आउटसोर्सिंग. मोठमोठ्या कंपन्या करतात. वन्संना सांगितलं, तुम्ही आमच्या आउटसोर्सिंग आहात. म्हणाल्या, मी कोणाची काही नाही, दोरा संपलाय तो आणा.

त्यांची एक खोड लक्षात आली. आमच्या ॲपची मापं बाजूला ठेवतात, गिऱ्हाइकाचा फोटो मागून घेतात, डोळे बारीक करून बघतात आणि खडूने स्वतःच्या खुणा करतात. सांगितलं, वन्सं, कॉम्प्युटरने काढलंय. म्हणाल्या, कॉम्प्युटरला सांगा या माणसाला पोट आहे.

ऑफिसात अजून हे सांगितलेलं नाही. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगायला हवीच असं नसतं.

३१ मार्च, सोमवार

मुलीने हॉस्टेलवरून फोनवर विचारलं, आई, जमतंय का गं? मी म्हटलं, अख्खी कंपनी माझ्या खांद्यावर आहे. हे मागून म्हणाले, खांद्यावरच तर अडलंय.

उद्यापासून रोज एक बाही. कागदावर लिहून आरशाला चिकटवलं.

२ एप्रिल, बुधवार

कागद आरशावरून पडला. चिकटपट्टी हलक्या प्रतीची.

७ एप्रिल, सोमवार

मोठी बातमी. एक पैसेवाले येणार आहेत. आवडलं तर आमच्या कंपनीत पैसे घालणार, नाही आवडलं तर कंपनी महिनाअखेरीला बंद, असं चष्मा म्हणाला. हे तो हसत म्हणाला, पण तेव्हा नख चावत होता.

त्यांना काय दाखवायचं यावर मीटिंग. दोघं नुसते पुटपुटत होते. मला धीर नसतो. मी म्हटलं, त्यात काय, त्यांनाच उभं करा, फोटो काढा आणि त्यांच्यासमोर शर्ट शिवून त्यांच्या अंगात घाला. चष्मा म्हणाला, समोर? किती वेळात? मी म्हटलं, दोन तास. तो बघत राहिला म्हणून म्हटलं, बरं, दीड.

कोण बोललं हे? मीच. तोंड माझंच होतं.

तारीख अठरा. अकरा दिवस आहेत. वन्सं आठ म्हणाल्या होत्या. म्हणजे तीन दिवस हातात शिल्लकच.

१० एप्रिल, गुरुवार

ते तीन दिवस संपले.

११ एप्रिल, शुक्रवार

गेले वन्संकडे. शिकायला म्हणून नाही, उजळणीला.

म्हणाल्या, बाही ओढायची नाही वहिनी, मुंढ्यात जिरवायची. थोडी थोडी. घाई केली की ती फुगून बसते. चार वेळा लावली, चारही वेळा उसवायला लावली. पाचव्या वेळी म्हणाल्या, तुम्ही बाहीला कॉलरसारखं दामटता, ती ऐकणार कशी? मी म्हटलं, माझं सगळे ऐकतात. म्हणाल्या, दादा ऐकतो, बाही नाही.

निघून आले. कोणाकडून किती ऐकून घ्यायचं याला मर्यादा असते.

१५ एप्रिल, मंगळवार

नवा प्लॅन. वन्संनाच अठरा तारखेला ऑफिसात आणायचं, पाहुण्या म्हणून. मधेच मी पाणी प्यायला उठणार आणि त्या सहज मशीनवर बसणार.

विचारलं. म्हणाल्या, एका शाळेच्या हॉलचे पडदे आहेत, अठरालाच द्यायचेत. मी म्हटलं, पडदे काय, पळून जातात का? म्हणाल्या, तुमचे पैसेवाले पळून जातील याची भीती मला का घालता? मग शिलाई थांबवून, जरा हळू, म्हणाल्या की त्या पोरांना खरं सांगून टाका, वहिनी. अजून वेळ आहे.

खरं काय त्यात? बाही सोडून सगळं येतं, हेच खरं. यात सांगण्यासारखं काही नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

एकदा जमली! उजवी. संध्याकाळी घरी. यांना घालून बघायला लावली. हे म्हणाले, हात खाली येत नाहीये. मी म्हटलं, लिफ्टच्या कामात हात वरच लागतो.

उद्याचं अवघड वाटत नाही. झोप मात्र येत नाही. दोन्हीचा संबंध नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार, दुपारी

लिहून ठेवते, म्हणजे झालं एकदाचं.

पैसेवाले अकराला आले. उंच, रुंद, गोड बोलणारे. फोटो काढला, शेपटी फोन घेऊन आत गेली, मापं घेऊन आली. मी मशीनवर बसले. कॉलर झाली. पैसेवाले टेबलावर वाकून बघत होते. म्हणाले, अशी कॉलर मी परदेशात पाहिली नाही. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग दुसरी कॉलर केली. त्यांनी विचारलं, ही कशाला? मी म्हटलं, स्पेअर. तिसरी घेतली तेव्हा चष्मा खोकला.

मग पुढा-पाठ जोडले आणि बाह्या घेतल्या. जिरवा म्हणाल्या होत्या वन्सं, तसं जिरवायला गेले. मागे सगळे उभे. मला घाई झाली आणि मी दामटलं.

घातला त्यांनी. उजवा हात पुढे तरंगत राहिला, कोणाकडे काही मागतायत असा. शेपटीने पटकन त्यात चहाचा कप दिला. त्यांनी कप उचलला तर शर्टाची खालची कड बेंबीच्या वर आली. मग डावा हात हलवला. डावी बाही खांद्यावर थांबलीच नाही, सरळ मनगटावर येऊन बसली.

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

पैसेवाले म्हणाले, कॉलर मात्र फर्स्टक्लास आहे. मी थँक्यू म्हटलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, आधीचे शर्ट कोणी शिवले?

मला पुष्कळ उत्तरं सुचली. मशीन, दोरा, पुतळा, हवा. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हटलं, मला बाही येत नाही. कधीच आली नाही. नणंद लावते.

चार शब्दांचं काम. सहा आठवडे घेतले मी.

त्याच दिवशी, ते गेल्यावर

वाटलं होतं, आता दोघं ओरडतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. चष्मा त्या पिशवीत बसला आणि हसायला लागला. मग डोळे पुसायला लागला. म्हणाला, मास्टर, मी सात वर्षं मोठ्या कंपनीत होतो ना, तिथे फक्त पासवर्ड विसरल्यावर येतं ते पान बनवलं. तेवढंच. मला मापं काढणारं ॲप बनवता येत नाही.

मी म्हटलं, मग मापं?

शेपटी म्हणाली, मी आत जाऊन फोटो बघून अंदाजाने लिहायचे.

संताप झाला माझा! इतकी शिकलेली माणसं आणि असं खोटं वागतात? तोंडावर? इतके दिवस? म्हटलं, लाज नाही वाटली तुम्हाला? दोघं माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे लागलं असणार.

घरी येताना लक्षात आलं. शेपटीच्या अंदाजाची मापं वन्सं खडूने सुधारायच्या. शर्ट वन्सं शिवायच्या. कंपनीत काम येणारं एकच माणूस होतं आणि ते कंपनीत नव्हतं.

३० एप्रिल, बुधवार

ऑफिस रिकामं केलं. चष्म्याला परत मोठ्या कंपनीत घेतलं, त्याच पानावर. शेपटीलाही दुसरीकडे नोकरी लागली. त्यांना घेतात परत. निघताना दोघं पाया पडायला वाकले, मी म्हटलं, उठा, कंबर धरेल. शेपटी रडली. जाताना काकू म्हणाली. म्हटलं, असू दे.

पुतळा कोणीच नेला नाही.

२ मे, शुक्रवार

कारखान्याच्या बाजूला गेले होते. चपलेचा अंगठा शिवायचा होता. चांभार आमच्या घराखालीच बसतो, पण तिकडचा चांगला आहे.

गेटवर सुपरवायझर दिसला. विचारायचं काही मनात नव्हतं, पण समोरच आला म्हणून विचारलं. म्हणाला, बाई, नियम तुम्हाला सांगितला होता. वाईट वाटलं त्याला. पेन शोधायला लागला. मी म्हटलं, असू द्या, मी सहजच आले होते.

अंगठा शिवायचा राहिला.

४ मे, रविवार

हे सकाळी कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होते. तिकडे बघतच म्हणाले, धाकटीला हाताखाली माणूस हवंय. मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काही नाही, बातमी सांगितली.

दिवसभर विचार केला. वन्संचा धंदा वाढतोय, पण मॅनेजमेंट नाही. मोठ्या कंपनीचा अनुभव असलेलं कोणीतरी लागेल त्यांना. दोन माणसांची कंपनी, म्हणजे आता मी अर्धी. उद्या जाऊन अटी घालते.

५ मे, सोमवार

गेले. वन्संनी आधी अटी सांगितल्या. महिनाभर फक्त उसवायचं. मग कच्चे टाके. मग बघू. मी म्हटलं, वन्सं, माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणाल्या, आहेच की वहिनी, तुमच्यासारखी कॉलर मला सात जन्मात येणार नाही. खरंच म्हणाल्या. टोमणा शोधला मी त्यात, सापडला नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं, खडू असणार.

स्टूल पुढे केलं त्यांनी. बसले.

मग विचारलं, काम काय आहे? एका हॉस्पिटलची ऑर्डर आलीय, पेशंटचे झगे. दोनशे. सगळ्यांचे गळे गोल, कॉलर एकालाही नाही.

बाह्या चारशे.